रेंगाळलेला बार

वसईच्या किल्ल्यात बहुतेक जण एसटी स्थानकाच्या बाजूने शिरतात, चर्चच्या कमानी पाहतात, फोटो काढतात आणि परततात. किल्ला नीट समजून घ्यायचा तर पाचूबंदरच्या बाजूने हिंडावे. एका हाताला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगा, ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करणारी माणसे. दुसऱ्या हाताला पोर्तुगिजांचा तट. किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे दोन्ही कोळीवाडे या तटाला इतके खेटून आहेत की, घर कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो ते कळत नाही. इथून पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हा किल्ला पाण्याच्या आणि दलदलीच्या कुशीत बसला आहे. मोठी फौज घेऊन भिडायला वाट उरते ती उत्तरेकडच्या रेताड जमिनीचीच.

१७३९ साली चिमाजी अप्पांची फौज याच जमिनीवर उतरली. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत मोर्चे चालले. पावसाळा तोंडावर होता, आणि पावसाळा म्हणजे त्या काळच्या युद्धाचा शेवट. विझलेली वात आणि भिजलेली दारू घेऊन कोणी लढत नसे. आपल्याकडे मोहिमा दसऱ्याला निघत, त्यामागे शेतीचे आणि नद्यांच्या पुराचे कारण होते तसे हेही होते. वसई मे महिन्यात पडली नसती, तर पुढचे चार महिने ती पोर्तुगिजांचीच राहिली असती, आणि तेवढ्या अवधीत गोव्याहून कुमक आलीही असती. तोफेच्या तोंडी देऊन निदान माझे मस्तक तरी किल्ल्यात पाडा, असे चिमाजी अप्पा म्हणाले, ही आख्यायिका मराठी घरांत अजून सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातली घाई खरी आहे.

तटाला तोफा पुरेनात म्हणून सुरुंग खणले गेले. सां सेबास्तियन बुरुजाच्या अंगाला जमिनीखाली दारू भरली गेली. हल्ल्याच्या दिवशी सुरुंगांना बत्ती दिली, काही उडाले, तटाला खिंडार पडले आणि मराठ्यांचे लोक खिंडाराकडे धावले. त्याच वेळी सुरुंगाचा जो भाग उडायचा राहून गेला होता तो उडाला. ग्रँट डफच्या इतिहासात आणि त्यावरून पुढे ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये ही हकीकत येते: पुढे घुसलेल्यांपैकी शेकडो माणसे हवेत उडाली. पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी नव्हे, आपल्याच दारूने. तरीही लोक पुन्हा चढले, बुरूज हाती आला, आणि कायतानो द सौझा याने किल्ला खाली करून देण्याची बोलणी लावली. संपूर्ण वेढ्यात मराठ्यांचे पाच हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले आणि पोर्तुगिजांचे सुमारे आठशे, असा हिशोब डफ देतो.

या लढाईवर आपण पुष्कळ लिहिले आहे. चर्चच्या घंटा कोणत्या देवळात गेल्या याची तर यादीच लोकांना पाठ असते. मला या सगळ्यात तो मागे राहिलेला सुरुंग महत्त्वाचा वाटतो. दारू कमी नव्हती, खणणाऱ्यांचे कसबही कमी नव्हते. चुकली ती वेळ. ठिणगी पोचली, पण सगळीकडे एकाच वेळी पोचली नाही. असा बार मुळीच न उडालेल्या बारापेक्षा वाईट. फुसका बार निदान कोणाला मारत नाही. दिवाळीत विझला असे वाटून ज्या ॲटमबॉम्बवर मूल वाकते तोच घात करतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. नेमबाजांच्या इंग्रजीत याला स्वतंत्र नाव आहे. आपण त्याला रेंगाळलेला बार म्हणू. बंदुकीचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या रेंगाळण्याशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे, आणि तो अजून पूर्ण संपलेला नाही.

सुरुंगाला बत्ती पोचवण्याची त्या काळची रीत साधी होती. कापडाच्या लांब नळीत दारू भरायची, ती जमिनीखालून कोठीपर्यंत न्यायची आणि बाहेरचे टोक पेटवायचे. अशा अनेक कोठ्या एकदम उडवायच्या असतील तर साऱ्या नळ्यांची लांबी, दारूचा दाणा आणि कोरडेपणा सारखा हवा. एखाद्या ठिकाणी नळी दबली, ओल लागली, की ज्वाळा तिथे धुमसत राहते. वसईसारख्या खाडीकाठच्या जमिनीत ओल किती असते हे पाचूबंदरच्या कोणत्याही विहिरीला विचारावे.

हातातल्या बंदुकीची गोष्ट वेगळी नव्हती. तोड्याच्या बंदुकीत जळती वात चापाला बांधलेली असे. चाप दाबला की वातीचे टोक प्याल्यातल्या रंजकेवर टेकायचे, रंजक पेटायची, तिची ज्वाळा नळीच्या कानातून आत जायची आणि मग मुख्य बार. रंजक म्हणजे बारीक दळलेली दारू. कान हा शब्द किती चपखल आहे पाहा: बाहेरची खबर आत पोचते ती त्या छिद्रातूनच. शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळे ठोकत. कान काजळीने बुजला, तर प्याल्यात नुसता भपका होई आणि नळी गप्प राही. अर्धवट बुजला, तर भपका आणि बार यांच्यामध्ये एक श्वास जाई. तेवढ्या वेळात नेम हलायचा.

यानंतर आली चकमकीची बंदूक. वात गेली, गारगोटी आली, पण रंजक, प्याला आणि कान ही साखळी तशीच राहिली. इथे एक समजूत दूर करायला हवी. मराठी आणि एकूणच हिंदुस्थानी शिपाई तोड्याच्या बंदुकीला दीर्घकाळ चिकटून राहिले, म्हणून त्यांना मागासलेले म्हणण्याची पद्धत आहे. कोरड्या हवेत जळती वात गारगोटीपेक्षा भरवशाची होती. गारगोटी झिजते, ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही. लांब नळीच्या देशी तोड्याच्या बंदुका कंपनीच्या आखूड बंदुकांपेक्षा दूरवर मारा करतात, हे खुद्द युरोपियन अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. चकमकीचा फायदा दुसरीकडे होता. शेकडो माणसांना खांद्याला खांदा लावून उभे करायचे, तर प्रत्येकाच्या हातात जळती वात आणि कमरेला दारू असणे परवडत नाही. कवायती पलटणी आणि चकमक या जोडीनेच आल्या. १७८० साली जनरल गॉडर्डने हीच वसई मराठ्यांकडून घेतली तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. १८०२च्या अखेरीस इथेच झालेल्या तहाने दुसऱ्या बाजीरावाला कंपनीच्या दावणीला बांधले, हे सर्वांना ठाऊक आहे.

रंजकेची साखळी तोडली ती एका पाद्र्याने. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्साइथ हा धर्मोपदेशक बदकांच्या शिकारीचा शौकीन होता. प्याल्यातला भपका दिसला की पाण्यावरचे बदक बुडी मारायचे आणि गोळी नंतर पोचायची. तो पक्षी रंजक आणि बार यांमधल्या त्या क्षणात जगत होता असे म्हणायला हरकत नाही. आघाताने पेटणारी फल्मिनेटे रसायनशास्त्राला नुकतीच सापडली होती. पाऱ्याच्या फल्मिनेटाची माहिती एडवर्ड हॉवर्डने १८०० साली प्रसिद्ध केली होती. फोर्साइथने असे स्फोटक चिमूटभर घेऊन त्यावर हातोडीचा ठोका मारणारा चाप बनवला. उघडी रंजक गेली, गारगोटी गेली, पावसाची भीती पुष्कळ कमी झाली.

या हकीकतीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. फोर्साइथला लंडनच्या टॉवरमध्ये प्रयोग करायला जागा देणारा तोफखान्याचा मुख्य अधिकारी होता लॉर्ड मॉइरा. १८०७ मध्ये तो पायउतार झाला, त्याच्या जागी आलेल्या लॉर्ड चॅटमने पाद्रीबुवांना सामान आवरायला सांगितले. फोर्साइथने मग त्याच वर्षी पेटंट घेतले. त्याचा मसुदा करायला वाफेच्या यंत्राचा जेम्स वॉट मदतीला होता. आणि हा मॉइरा पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला, १८१३ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८१८ मध्ये पेशवाई त्याच्याच कारकिर्दीत बुडाली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर त्याच्या शिपायांनी ज्या बंदुका झाडल्या त्या मात्र चकमकीच्याच होत्या. सरकार नावाच्या यंत्राचा बारही रेंगाळतोच.

फोर्साइथच्या किचकट चापाची जागा १८२०च्या सुमारास तांब्याच्या इवल्याशा टोपीने घेतली. आतल्या बाजूला स्फोटक चिकटवलेली ही टोपी नळीच्या बोंडावर बसवायची आणि घोडा पाडायचा. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही टोपी परिचयाची आहे. १८३४ मध्ये वूलिचला इंग्रजांनी दोन्ही प्रकारांची कसून परीक्षा घेतली. सहा हजार बारांपैकी चकमकीचे ९२२ चुकले, टोपीचे ३६. आकडा नीट वाचावा: चकमकीच्या बंदुकीचा जवळजवळ दर सहावा-सातवा बार उडतच नव्हता, आणि या बंदुकांनी साम्राज्ये उभी राहिली होती.

इतके होऊनही देशी पलटणींना टोपी मिळायला उशीर लागला. त्याची किंमत १८४१च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ मोजावी लागली. मद्रासच्या ३७व्या देशी पलटणीची एक तुकडी, सुमारे साठ शिपाई, मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली. चकमकीच्या बंदुका भिजून मुक्या झाल्या. भोवती गावकऱ्यांचे हजारोंचे जमाव, हाती भाले. शिपायांनी चौकोन धरला आणि नुसत्या संगिनींवर निभावले. त्यांना शोधायला नौदलाच्या ज्या सैनिकांना पाठवले त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका होत्या. त्याच पावसात त्या उडाल्या. ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. ती अफूच्या लढाईची तळटीप समजली जाते, पण त्या रात्री चिखलात उभे होते ते आपले लोक.

१८५७च्या काडतुसाबद्दल इथे फारसे लिहीत नाही. वाद कागदावरच्या चरबीचा होता. टोपी त्या साऱ्या कोलाहलात निमूटपणे आपले काम करत होती. पुढच्या दशकात दारू, गोळी आणि टोपी तिन्ही एकाच धातूच्या पुंगळीत आल्या आणि टोपीचे झाले प्रायमर. एक योगायोग मोठा गमतीचा आहे. वूलिचच्या कर्नल एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाने काढलेली प्रायमरची रीत अमेरिकेने उचलली, आणि हायरम बर्डन या अमेरिकनाने काढलेली युरोपातल्या फौजांनी. दोघांत फरक ऐरणीचा. प्रायमरच्या पातळ वाटीत स्फोटकाची वडी असते. बाहेरून पिनेचा ठोका बसला की ती कशावर तरी दाबली जायला हवी, लोहाराच्या ऐरणीसारखी. बर्डनने ही ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली आणि तिच्या दोन बाजूंना दोन कान ठेवले. बॉक्सरने ऐरण प्रायमरच्या आत बसवली, म्हणून पुंगळीला मधोमध एकच कान पुरला. मधोमध एकच छिद्र असले की जळालेले प्रायमर साध्या सुईने ठोकून काढता येते आणि नवे बसवता येते. घरी बसून आपली काडतुसे आपण भरण्याचा अमेरिकन छंद या एका छिद्रावर उभा आहे.

खडकीच्या जुन्या रणभूमीच्या परिसरात १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून रायफलींची काडतुसे बनतात. महाराष्ट्रातल्या या दोन गावांनी किती टोप्या देशाला पुरवल्या असतील याचा विचार आपल्या मनात येत नाही, कारण टोपी नीट उडाली की तिची आठवण कोणाला राहत नाही.

आता त्या झटापटीचे शेवटचे, सूक्ष्म पर्व. मोठ्या रायफलीचे प्रायमर साडेपाच मिलिमीटरही रुंद नसते. ते पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात दाबून बसवायचे. हाताने काडतूस भरणारे लांब पल्ल्याचे नेमबाज दारू तराजूवर तोलतात, गोळ्या मोजून वेगळ्या करतात, आणि मग कितीतरी जण प्रायमर मात्र कसेतरी दाबतात. इथे तोच जुना दोष परत येतो. प्रायमर खळग्याच्या तळाशी टेकले नाही, उंच राहिले, तर पिनेच्या ठोक्यातली काही शक्ती ते पुढे सरकवण्यातच खर्च होते. उरलेल्या ठोक्याने वडी पेटेल, उशिरा पेटेल किंवा पेटणारच नाही. स्वयंचलित रायफलीत उंच राहिलेले प्रायमर तर चाप न दाबता, नुसता बोल्ट आपटल्यानेही उडू शकते. उलट फार दाबले तर वडीला तडा जातो, आणि तडकलेली वडी एकसारखी पेटत नाही. योग्य स्थिती या दोहोंच्या मधली: ऐरणीचे पाय तळाला घट्ट टेकलेले, वडी किंचित दाबलेली, आणि वाटीची पाठ पुंगळीच्या बुडापेक्षा साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आत. म्हणजे एका कागदाच्या जाडीइतकी.

हे साधायचे तर आधी खळग्यातली काजळी खरवडून काढावी लागते, कारण काजळीवर टेकलेले पाय ठोक्यासरशी खचतात. कारखान्यातून आलेले खळगेही सारख्या खोलीचे नसतात, म्हणून काही जण छोट्या कटरने ते एकसारखे करून घेतात. मग हातात धरायच्या अवजाराने प्रायमर एकेक करून बसवतात. मोठ्या प्रेसच्या लांब दांड्याने काम भरभर होते, पण बोटांना काही कळत नाही. हातातल्या अवजारात अंगठ्याला आधी वाटी सरकताना जाणवते, मग पाय टेकल्याचा हलका अडथळा येतो, आणि त्यानंतर अगदी थोडा, दरवेळी तेवढाच, दाब द्यायचा. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला पारी कधी फाटेल हे जसे आधी कळते तशी ही समज आहे; ती मोजपट्टीने तपासता येते, शिकवता मात्र फारशी येत नाही.

याने फरक किती पडतो, यावर नेमबाजांत वाद आहेत आणि ते राहतील. शंभर मीटरवर बहुधा काहीच दिसत नाही. नऊशे मीटरवर गोळीच्या वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला तर ती साधारण दहा सेंटीमीटर वर किंवा खाली लागते. प्रायमर असमान पेटले तर दारूचे पेटणेही असमान होते आणि वेग बदलतो, म्हणून कागदावरची छिद्रे आडवी न पसरता उभी पसरतात. माझे मत असे की, नेमका आकडा कोणता यावर वाद घालण्यापेक्षा सगळी प्रायमरे सारखी बसली का, हे पाहणे जास्त शहाणपणाचे. थोडी जास्त खोल पण सगळी सारखी, हे चालेल. सरासरी अचूक पण प्रत्येक वेगळे, हे चालणार नाही.

आपल्याकडे हा छंद फोफावणे अवघड आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरले आहेत, त्यामुळे प्रायमरची डबी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच. शिवाय आपले नामवंत रायफल नेमबाज ज्या ०.२२ बोअरच्या काडतुसाने खेळतात त्याला वेगळे प्रायमर नसतेच. ओले स्फोटक पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, आणि ते काठाच्या पोकळ घडीत जाऊन बसते. पिनेचा ठोका त्या काठावर पडतो. या जातीचे पहिले अमेरिकन काडतूस बाजारात आले ते साल, योगायोगाने, १८५७. हे काडतूस हाताने भरण्याची सोय नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये सहाशेपैकी ५९७ गुण घेत जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि विश्वविजेतेपद मिळवले, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य जिंकले. या स्तरावर खेळाडूची रायफल आणि काडतुसांची विशिष्ट खेप यांचे गोत्र जुळवावे लागते. कारखान्यांच्या चाचणीकेंद्रात रायफल पकडीत बसवून एकेका खेपेची काडतुसे उडवून पाहतात, ज्या खेपेचा पुंजका सर्वांत लहान तिचीच पेटी उचलतात. काठातली ठिणगी सारखी आहे की नाही, हे जाणण्याचा दुसरा उपाय त्यांच्या हाती नाही.

आणि इतकी काळजी घेऊनही एखादे काडतूस रेंगाळते. त्यासाठी जगभरच्या रेंजवर एक नियम आहे, तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात. चाप दाबला आणि आवाज झाला नाही, तर बोल्ट उघडायचा नाही, नळीत डोकावायचे नाही, पुढे कोणी जायचे नाही. बंदूक लक्ष्याकडेच रोखून धरायची आणि मनात तीस आकडे मोजायचे. ठासणीची बंदूक असेल तर त्याहून बरेच जास्त.